बाजारतळावरची गॅलरीवाली केबिन

बाळांनो, एक खोली डोळ्यांपुढे आणा. डोळे मिटायची गरज नाही. मिटले तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आणा. खोली लहान आहे. एक मोठा पलंग, भिंतीतून ओढून काढायचा एक छोटा पलंग, एक कपाट, एक न्हाणीघर. इथपर्यंत सोपं आहे. आता त्या खोलीला एक गॅलरी जोडा. गॅलरीखाली रस्ता नाही, उकिरडा नाही, समोरच्यांची वाळत घातलेली धोतरं नाहीत. खाली पाणी आहे. नुसतं पाणी. आणि आता जरा धरून बसा, कारण ती खोली चालते आहे.

जमलं का? मला पहिल्या खेपेला जमलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे माजलगावचं धरण आलं आणि त्यावर आमच्या घराची माडी तरंगायला लागली. माडीवर वाळत घातलेल्या पापडांसकट. यात हसण्यासारखं काही नाही. मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन आहे, हे मी दर जूनमध्ये नव्या वर्गाला सांगत आलो. पण माझा सगळा मुक्काम त्या एका भागावरच झाला, आणि त्यातही बीड जिल्ह्यात. जे पाहिलं नाही ते खात्रीने सांगायची माझी सवय किती जुनी आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

तर मी जहाजाने फिरायला जायचं ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत, मुंबईहून निघायचं, पाच दिवस समुद्रावर राहायचं आणि परत यायचं. मी, आमच्या सौभाग्यवती मल्लम्मा आणि आमच्याजवळ राहणारी नऊ वर्षांची नात शिवानी.

यात अडचण एकच होती. सात वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही पायांनी सेवानिवृत्ती घेतली. मी स्वतः रीतसर अर्ज देऊन, शाल आणि नारळ घेऊन, दोन भाषणं ऐकून निवृत्त झालो होतो. पायांनी तसलं काही केलं नाही. तेव्हापासून मी बॅटरीवर चालणाऱ्या चारचाकी स्कूटरवर बसून हिंडतो. पुढे हँडल, हँडलला टोपली, मऊ खुर्ची, आणि वेग असा की रस्ता ओलांडणारी कोंबडी निवांत विचार करून मग ओलांडते. सपाट जमिनीवर मी राजा असतो. पण पायरी आली की संपलं. बँक, देऊळ, एसटी, लग्नाचा मांडव, कुठेही गेलो की कोणीतरी ओरडतं, "धरा रे गुरुजीला!" मग माझेच चार माजी विद्यार्थी मला उचलतात. त्यात एक जण असा आहे, ज्याला मी सहावीत भूगोलात नापास केलं होतं. तो नेमका डावा पाय धरतो. आजवर त्याने मला पाडलेलं नाही, पण प्रत्येक वेळी मला शंका येतेच.

म्हणून मी ठरवलं होतं, की समुद्रावर मला कोणी उचलणार नाही. स्कूटर थेट पलंगापर्यंत गेली पाहिजे.

आमच्या भागात सहली नेणारा माणूस म्हणजे रविराज. मांजरसुंब्याला हमरस्त्यावर एका ढाब्याशेजारी त्याचं छोटं ऑफिस आहे. त्याने आजवर काशीला, रामेश्वरला शेकडो बसगाड्या पाठवल्या होत्या, पण जहाज पहिलंच. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, फुडची सीट देऊ का मागची? मागं लई आदळतं."

मी त्याला शांतपणे जहाज समजावून सांगितलं. मीही पाहिलं नव्हतं, पण समजावून सांगण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मग त्याने कंपनीकडून एक फॉर्म मागवला आणि तो फोनवरच भरायला घेतला.

"गुरुजी, यात इचारलंय, तुमी पूर्ण हाव का अर्धवट?"

"काय?"

"न्हाई म्हंजे, पायानं. चार पावलं तरी टाकता येतेत का, का आजिबात न्हाई? पूर्ण लिवू का अर्धवट?"

मी दोन वेळा आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी शिफारस झालेला माणूस आहे. मी म्हणालो, "अर्धवट लिही."

"मला बी तेच वाटलं," तो म्हणाला.

दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. स्कूटर आत जाऊ शकेल अशा खोल्या, त्यांना तिथे केबिन म्हणतात, जहाजावर मोजक्याच असतात आणि त्या सगळ्यांत आधी भरतात. आता दोनच उरल्या होत्या. पहिली जहाजाच्या पोटातली. दार छत्तीस इंच रुंद आणि दारापुढे ऐसपैस मोकळी जागा, पण खिडकी नाही आणि माणसं दोनच. दुसरी बाहेरच्या बाजूची, गॅलरीवाली, तीन माणसांची. तिचं दार एकतीस इंच. स्कूटर पॅसेजमध्ये लावायला बंदी, कारण आग लागली तर वाट अडते. ती केबिनच्या आत पूर्ण मावली पाहिजे. तेवढ्या मापात मावते याचा व्हिडिओ इथेच काढून शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा, नाहीतर ती केबिन दुसऱ्या कोणाला जाणार.

शिवानी फोनला कान लावूनच बसली होती. ती म्हणाली, "पैल्या केबिनमधी दोघंच? मंग तिसरं कोण ऱ्हाणार?"

मल्लम्मांनी सुपातली डाळ निवडता निवडता म्हटलं, "मी ऱ्हाते घरी. तुमी दोघं जावा." मी रविराजला विचारलं. तो म्हणाला, अर्धवट प्रवाशाबरोबर मोठं माणूस असलंच पाहिजे, तसा नियम आहे. म्हणजे पोटातली केबिन घेतली तर शिवानी घरी राहणार होती. गॅलरीवाली मिळाली तरच ती येणार होती.

शिवानीने लगेच माझ्या स्कूटरची रुंदी मोजली. बावीस इंच. मग लांबी मोजली. बेचाळीस. "मावतंय आजोबा," ती म्हणाली. "गणितानं तर मावतंय."

आता गावात कोणतीही गोष्ट घरातल्या घरात ठरत नाही. आमच्या समोर राधाकिशनशेठचं किराणा दुकान आहे. त्यांनी मला हाक मारून विचारलं, "गुरुजी, केबिनचं न्हाणीघर कोन्या दिशेला हाय?"

मी रविराजने पाठवलेला केबिनचा नकाशा पाहून सांगितलं, "ईशान्येला."

"आरारारा! ईशान्येला न्हाणीघर? कावून घेता आसली जागा?"

मी म्हणालो, "शेठ, जहाज वळलं की ते आग्नेयेला जाईल."

या उत्तराने राधाकिशनशेठ दोन दिवस बेचैन होते. गिऱ्हाइकाला साखरेच्या जागी रवा बांधून देत होते. जी वास्तू दर तासाला तोंड फिरवते, तिचा दोष कोणत्या तासाला धरायचा, हा प्रश्न खरोखर सोपा नाही. तुमच्यापैकी कोणी पुढे मोठा विद्वान झाला तर त्याने यावर जरूर विचार करावा. शेठनी शेवटी निकाल दिला, की दाराला लिंबू-मिरची बांधावी, मग जहाज कुठंही वळू द्यावं.

मी मात्र शिक्षकाच्या वाटेने गेलो. जी गोष्ट फळ्यावर मावत नाही ती मैदानावर काढावी. आमच्या गावाला बाजारतळ आहे. सोमवारी तिथे बाजार भरतो, बाकी सहा दिवस चार गाढवं आणि वारा. बुधवारी सकाळी मी आणि शिवानी तिथे गेलो. शाळेतून अर्धी गोणी फक्की आणली होती, खेळाच्या मैदानावर रेषा मारायला वापरतात ती पांढरी पूड. शिवानीने टेप धरला. मी स्कूटरवरून डब्याने फक्की सोडत गेलो. भिंती झाल्या, पलंग झाला, न्हाणीघर झालं. दारासाठी एकतीस इंचांची फट ठेवली. शेवटी कापसाच्या शेताच्या बाजूला गॅलरी काढली.

मग मी समोरच्या मोकळ्या मैदानातून सरळ दारातून आत शिरलो. कुठेही रेषेला धक्का नाही. शिवानी टाळ्या पिटत म्हणाली, "मावली! आजोबा, मावली!"

व्हिडिओ तेव्हाच काढायला हवा होता. पण मल्लम्मांचं म्हणणं पडलं, की परक्या लोकांना पाठवायचा व्हिडिओ अशा चुरगळलेल्या सदऱ्यात काढू नये. उद्या इस्त्रीचा सदरा घाला. मला ते पटलं. माणसाला आपली प्रतिष्ठा कधी सोडायची हे कळत नाही, हेच खरं.

म्हणून आम्ही थोडा वेळ गॅलरीत बसलो. गॅलरी म्हणजे काय, मातीवरच्या तीन पांढऱ्या रेषा. पण तुम्ही सोबत असता तर तुम्हालाही दिसलं असतं. समोर कापूस फुटला होता. वारा आला की सगळं शेत एका बाजूला झुकायचं आणि पांढरा फेस आमच्याकडे सरकत यायचा. मागे सरकायचा. पुन्हा यायचा. मला वाटलं, जमीन जराशी हलली. मी हँडल धरलं. शिवानी पाय खाली सोडल्यासारखे करून बसली होती.

"आजोबा, खोल किती आसंल?"

"आपल्या लिंबाच्या झाडावर लिंबाचं झाड, त्यावर आणखी लिंबाचं झाड, अशी पन्नास झाडं बुडतील एवढं," मी म्हणालो. हे मी पाहिलेलं नव्हतं. पण खात्रीने सांगितलं.

गुरुवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून मी बाजारतळावर आलो, तर आमच्या केबिनशेजारी आणखी सतरा केबिन.

झालं होतं ते असं. आमच्या गावात ग्रामपंचायत बाजारतळावर गाळे बांधणार, हे अकरा वर्षं बोललं जातंय. आणि आमच्याकडे जमिनीवर फक्कीची रेषा पडली, की तिचा एकच अर्थ होतो. बांधकाम सुरू होणार. गुरुजी शिकलेला माणूस, त्याला आतून काहीतरी कळलं असणार, म्हणून त्याने पहिला गाळा धरला. झालं! बुधवारी दुपारपासून ज्याला जमेल त्याने फक्की, राख, चुना, गव्हाचं पीठ, जे हाताशी आलं ते घेऊन आपापला गाळा आखला होता. कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. एकाने खाट आणून टाकली होती. छबुबाई भाजीवाल्यांनी आपल्या रेषेच्या आत चूल मांडून चहासुद्धा ठेवला होता.

आमच्या दाराच्या बरोबर समोर, हात कमरेवर ठेवून, राधाकिशनशेठ उभे होते. त्यांनी दोन गाळे आखले होते.

"शेठ, हे काय?"

"तुमी आखलं म्हून आमी आखलं."

"अहो, ही जहाजाची केबिन आहे!"

शेठनी इकडेतिकडे पाहिलं आणि डोळा मारला. "हां, हां. जहाज. आमी कुठं काय म्हनतो? तुमचं बी जहाज, आमचं बी जहाज."

मी जेवढं जास्त समजावलं तेवढी लोकांची खात्री जास्त झाली. एवढा प्रामाणिक माणूस जहाजासारखं काहीतरी सांगतोय, म्हणजे आतली बातमी किती पक्की असेल! दुपारपर्यंत गाळे सव्वीस झाले. समोरासमोर दोन लांब रांगा, मधून एक अरुंद वाट. शिवानी देवळाच्या ओट्यावर चढून पाहून आली आणि माझ्या कानात म्हणाली, "आजोबा, वरून पाह्यलं तर खरंच जहाज हाय. आपलं लई लांब झालंय."

त्याच वेळी ग्रामसेवक आले. विनापरवानगी बांधकामाची नोटीस त्यांनी आणली होती. ती नियमाप्रमाणे दर्शनी भिंतीवर चिकटवायची असते. ते बिचारे खळ लावलेला कागद हातात धरून माझ्या केबिनभोवती दोनदा फिरले. शेवटी नोटीस न्हाणीघरात ठेवून तिच्यावर दगड ठेवला आणि मला म्हणाले, "गुरुजी, खुलासा लेखी द्या." खुलाशाच्या नमुन्यात एक रकाना होता, बांधकामाचा प्रकार. मी बराच विचार करून त्यात लिहिलं, "समुद्रगामी." शासनाला खोटं लिहून द्यायचं नाही, असं माझं तत्त्व आहे.

पण खरा घोटाळा पुढे आहे. समोरासमोर रांगा पाहून माझ्या मनात आलं, की जहाजावरही आपल्या दारापुढे मोकळं मैदान नसणार. तिथेही पॅसेज असणार. हे मला भूगोलाच्या चौतीस वर्षांत सुचलं नाही, ते राधाकिशनशेठच्या अतिक्रमणामुळे सुचलं. मी रविराजला फोन केला. त्याने कंपनीला विचारून कळवलं, "शेहेचाळीस इंच हाय गुरुजी, पॅसेज."

शिवानीने शेठची वाट मोजली. सत्तेचाळीस. शेठनी समुद्रापेक्षा एक इंच जास्त दिलदारपणा दाखवला होता. मी त्यांना म्हणालो, "शेठ, तुमची रेष एक इंच पुढे घ्याल का?" अतिक्रमण वाढवा अशी विनंती त्यांना जन्मात कोणी केली नसेल. ते डोळे भरून माझ्याकडे पाहत राहिले.

मग मी त्या वाटेतून दाराकडे गेलो आणि वळलो. पुढचं चाक दारात, मागचं शेठच्या गाळ्यात. मागे आलो, पुन्हा वळलो. या वेळी दाराची उजवी भिंत पुसली गेली. शिवानी खाली वाकून पाहायची आणि म्हणायची, "लागलं." पुन्हा गेलो. "लागलं." शुक्रवारचा सगळा दिवस असा गेला. चहा प्यायला आलेली माणसं छबुबाईच्या गाळ्यात बसून पाहायला लागली. सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे टोपली काढा, कोणी म्हणे हवा कमी करा, कोणी म्हणे गुरुजीच उतरा. आणि एकोणिसाव्या वेळी जे व्हायचं तेच झालं. सहावीतला तो नापास पुढे झाला आणि ओरडला, "सोडा ना गुरुजी, आमी उचलून ठिवतो! धरा रे!"

"कोणी हात लावू नका," मी म्हणालो. माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

घरी आल्यावर मल्लम्मा हळूच म्हणाल्या, "अवो, ती पोटातली घ्या. पोरीला फुडच्या साली नेऊ." मी शिवानीकडे पाहिलं. ती टेप गुंडाळत बसली होती. नीट गुंडाळला होता तरी सोडून पुन्हा गुंडाळत होती.

शनिवारी सकाळी मुंजाजी आला. हा ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, आणि त्या दोन्ही साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उलट्या घालायच्या. हे काम किती अवघड आहे ते ज्याने पाहिलं त्यालाच कळेल. गाळप सुरू व्हायला अजून अवकाश होता, म्हणून तो मोकळा होता. काल दिवसभर त्याने छबुबाईच्या गाळ्यातून माझी फजिती पाहिली होती आणि एक शब्द बोलला नव्हता.

"गुरुजी, रागवू नका," तो म्हणाला. "तुमी तोंडानं घुसताव. तिथंच चुकतंय. दार वलांडून फुडं जा. मंग मागून घ्या."

"उलटं?"

"उलटंच. तोंड बाहेर ऱ्हातंय, ढुंगण आदी आत जातंय. आन येताना सरळ भायेर. काट्यावर आमी असंच करतो."

मुंजाजी माझ्याकडे चौथीपर्यंत होता. तो मागच्या बाकावर बसायचा आणि खिडकीतून रस्त्यावरची वाहनं पाहायचा. मी त्याचा कान धरून तोंड फळ्याकडे वळवायचो. आता तो माझ्या मागे उभा राहून सांगत होता, "फळ्याकडं, आपलं ते, फुडं बघू नका गुरुजी. मागच्या चाकाकडं बघा. हँडल उलट्या अंगाला. उलट्या!" मी चुकत होतो. तो एकदाही चिडला नाही. कोणी हसलं तर म्हणायचा, "गप बे! एकदा तू घालून दाखिव." बाळांनो, एकाहत्तराव्या वर्षी मी विद्यार्थी झालो, आणि एक गोष्ट कळली. शिकणाऱ्याचा कान धरण्यापेक्षा मागे कोणीतरी शांत उभं असलं की त्याला लवकर येतं. हे मला चौतीस वर्षं आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

चार वाजेपर्यंत मी दहातून तीनदा जवळजवळ बरोबर जात होतो. पाच वाजता मुंजाजी म्हणाला, "आता काढा व्हिडिओ." आणि पाच वाजून दोन मिनिटांनी बाजारतळावर सहा गाड्या आल्या.

पहिल्या गाडीतून आदिनाथभाऊ उतरले. जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्यांच्या मनात होतं. आचारसंहिता आज लागते की उद्या, अशी हवा होती. त्याआधी जमेल तिथे नारळ फोडून घ्यायचे, म्हणून ते सकाळपासून हिंडत होते. आमच्या गावात सव्वीस गाळ्यांची आखणी झाली आहे आणि भूमिपूजन राहिलं आहे, हे त्यांना कोणीतरी कळवलं होतं. स्पीकर आला, कुदळ आली, हार आले. भाऊ जागा पाहून जिथे उभे राहिले ते माझं न्हाणीघर होतं.

मी स्कूटर जवळ नेऊन त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडून शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "आता नारळ आणलाय. परत न्हेला तर लोक काय म्हंतील? जहाज तर जहाज."

आणि त्यांनी जहाजाचं भूमिपूजन केलं. भाषणही केलं. "आपल्या भागाला आजपर्यंत समुद्र मिळाला नाही," ते म्हणाले, "हा अन्याय आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला गंमत वाटली, पण खोटं कशाला सांगू, उतरत्या उन्हात पिवळ्या पडलेल्या त्या रेषा, मागे हलणारा कापूस, आणि सव्वीस केबिनींमध्ये आपापल्या जागी उभी असलेली सगळी ओळखीची माणसं पाहून मला क्षणभर वाटलं, की भोंगा वाजेल आणि आम्ही निघू. आमचं नांदूरघाट मागे पडेल, मांजरसुंब्याचे दिवे मागे पडतील.

सहाला वीस कमी होते. भाऊंचा फोटोवाला तयार होता. त्यालाच व्हिडिओ काढायला सांगितलं. सगळं गाव वाटेच्या दोन्ही बाजूंना गोळा झालं. मी दार ओलांडून पुढे गेलो. थांबलो. मागच्या चाकाकडे पाहिलं. हँडल उलट्या अंगाला. स्कूटर मागे सरकली, वळली, आणि हळूहळू दारातून आत येऊन उभी राहिली.

एकच गलका झाला. मुंजाजीने गमछा हवेत उडवला. मल्लम्मांनी डोळ्यांना पदर लावला. फोटोवाला म्हणाला, "ओके हाय गुरुजी! पाठवू?"

"थांबा," शिवानी म्हणाली.

ती मागच्या चाकाशी वाकली होती. काळ्या रबरावर बोटभर पांढरं लागलं होतं. दाराच्या डाव्या कडेची रेष तेवढीच पुसली होती. आणखी कोणालाही ते दिसलं नव्हतं. व्हिडिओतही दिसलं नसतं.

"लागलं," ती म्हणाली.

"आगं, बोटभर तर हाय!" आदिनाथभाऊ म्हणाले.

"फक्की हाय ती पोरी, भित न्हाई," राधाकिशनशेठ म्हणाले.

"भितच हाय ती," शिवानी म्हणाली. "तिथं गेल्यावर लोखंडाची आसंल."

ओढून काढायचा तो छोटा पलंग याच केबिनमध्ये होता, आणि ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

मी स्कूटर बाहेर घेतली. शिवानीने फक्कीचा डबा घेतला. राधाकिशनशेठ खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "बाळा, आता काढतीच हायेस तर च्यार बोटं भायेर काढ. कोन मोजतंय?"

तिने टेप लावला. उजव्या कडेपासून एकतीस इंच मोजले. चिमटीचिमटीने, जिथे होती तिथेच, डावी कड पुन्हा काढली. मग माझ्या मागच्या चाकाला लागलेलं पांढरं आपल्या फ्रॉकने पुसून काढलं, चाक पुरतं काळं होईपर्यंत.

"आता या आजोबा," ती म्हणाली. "दहा मिन्टं हायेत. घाई करू नका."

मी पुन्हा पुढे गेलो. या वेळी मला गाव दिसलं नाही, भाऊ दिसले नाहीत, समुद्रसुद्धा दिसला नाही. फक्त एक काळं चाक आणि दोन पांढऱ्या रेषा. चाक वळलं. एक रेष जवळ आली आणि मागे गेली. दुसरी जवळ आली आणि मागे गेली. मी थांबलो.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे तिच्याकडे पाहत होते. शिवानी जमिनीवर आडवी झाली. डावं चाक पाहिलं. सरपटत जाऊन उजवं पाहिलं. दाराच्या दोन्ही कडा पाहिल्या. उठली, गुडघे झटकले आणि फोटोवाल्याला मानेनेच सांगितलं, पाठवा.

मग ती माझ्या बाजूने दारातून आत आली. आपल्या पलंगाजवळ क्षणभर उभी राहिली. तोवर आदिनाथभाऊ हार घेऊन, राधाकिशनशेठ लिंबू-मिरची घेऊन, छबुबाई चहा घेऊन, सगळं गाव दाराशी आलं होतं. शिवानी वळली, हात पुढे केला, आणि त्या सगळ्यांच्या तोंडावर नसलेलं दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली.